अकरा मिलिमीटर

"पन्नास मिनिटांत तुम्ही चौदा वेळा विद्यार्थ्यांच्या हातातली थापी काढून घेतलीत," विद्यापीठातल्या लोमॅक्स बाई मार्चमध्ये म्हणाल्या होत्या. "मी मोजलं. मग शिकत कोण होतं, गार्थ? तुम्हाला तर येतंच."

गार्थ ऑलरेनशॉ म्हणजे अठ्ठावीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. समोर वीट वाकडी बसताना दिसली की त्याला न विचारता त्याचा हात पुढे जायचा. इंग्लंडच्या उत्तरेत, बर्नली गावापासून नेल्सन गावापर्यंत, त्याने उभ्या केलेल्या भिंती आहेत आणि एकीतही कोणी खोट काढून दाखवावी. मग गुडघे गेले. डॉक्टरने एक्स-रे बघून मान हलवली, आणि बायकोने, जनीनने, कॉलेजची जाहिरात कापून चहाच्या किटलीला टेकवून ठेवली. गवंडीकाम शिकवायला माणूस हवा होता. शिकवायचं कसं याचं प्रशिक्षण नोकरी करता करता घ्यायचं होतं. दोन वर्षं दिवसा वर्ग घ्यायचे, बुधवारी संध्याकाळी स्वतः बाकावर बसायचं, निबंध लिहायचे. आणि अधूनमधून विद्यापीठातून बाई येणार, वर्गाच्या कडेला बसणार आणि हा माणूस शिक्षक होतोय की नुसताच गवंडी राहतोय ते बघणार.

निबंधांनी त्याचा घाम काढला, पण ते निभावले. तो अडला पाहणीत. आठ पाहण्यांपैकी सात कशाबशा झाल्या आणि आठवीत, मार्चमध्ये, त्या चौदा थाप्यांनी त्याला आडवं केलं. नापास झालेली पाहणी एकदाच पुन्हा देता येते. ती आज होती, मे महिन्यातल्या गुरुवारी, दुपारी एक वाजता. आज गेली तर प्रशिक्षण गेलं, आणि प्रशिक्षण गेलं की जूनमध्ये संपणारा कॉलेजचा करार पुढे वाढणार नव्हता. वय एकोणपन्नास, गुडघे हे असे. बांधकामावर आता त्याला कोणी घमेलंसुद्धा उचलायला ठेवलं नसतं.

म्हणून त्याने चार रात्री बसून आजच्या तासाची आखणी केली होती. सकाळी प्रत्येकाने विटांचा सात थरांचा एक कोपरा उभा करायचा. दुपारी, बाईंच्या डोळ्यांदेखत, प्रत्येकाने स्वतःच स्वतःचा कोपरा तपासायचा, चूक स्वतः शोधायची, का झाली ते सांगायचं आणि स्वतः दुरुस्त करायची. ओळंब्याला, म्हणजे भिंत किती झुकली त्याला, तीन मिलिमीटरची सूट, त्यापुढे नापास. आणि कागदाच्या तळाशी, कोणी न सांगता, त्याने लिहिलं होतं : या तासात शिक्षक थापीला हात लावणार नाही.

जनीनने ते वाचलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "हे तू लिहिलंस? माझ्या हातातून बटाटे सोलायची सुरी काढून घेणाऱ्याने?"

"तू साल जाड काढतेस."

"बघ. आज दुपारी एवढं तोंड नि हात सांभाळ म्हणजे झालं."

वर्ग प्रौढांचा होता, नऊ जणांचा. चौतीस वर्षं बस चालवून आता काहीतरी उभं करायचं म्हणून आलेला बार्नी, गोदामातली नोकरी सुटलेले तिघेचौघे, आणि टॅम्सिन ब्रॅक. टॅम्सिन छत्तीसची. पंधराव्या वर्षी शाळेने तिला 'हिच्याने होणार नाही' असं सांगून घरी बसवलं होतं आणि तिने ते इमानेइतबारे खरं मानलं होतं. गेल्या गुरुवारी तिने हातमोजे काढून चुन्याच्या मालाच्या पाटीवर आपटले होते. "नाही हो गार्थ, माझ्या हातात हे नाहीच. सगळ्यांचं सरळ येतं, माझंच का घसरतं? सोमवारपासून मी येत नाही." सोमवारी ती आली, पण कोट अंगातून न काढता अर्धा तास उभी राहिली होती.

सव्वाबाराला सगळे जेवायला कँटीनमध्ये गेले. गार्थ एकटा वर्कशॉपमध्ये राहिला. हातात कागदात गुंडाळलेली चीज-कांद्याची पेस्ट्री होती, पण ती त्याने उघडलीही नाही. तो नऊ कोपऱ्यांमधून फिरायला लागला.

कॉलेजातल्या भिंतींचं एक आहे. इथल्या मालात सिमेंट नसतं, नुसता चुना आणि वाळू. कडक होतच नाही. आठवड्याच्या शेवटी सगळ्या भिंती हातांनी उतरवायच्या, विटा घासून रचायच्या, माल परत कालवायच्या यंत्रात टाकून पाणी मारायचं आणि सोमवारी त्याच विटांच्या नव्या भिंती. पहिल्या वर्षी गार्थला याचा फार त्रास झाला होता. ज्याच्या भिंती शंभर वर्षं टिकायच्या, त्याने दर शुक्रवारी भिंती मोडायच्या म्हणजे काय? आता सवय झाली होती. पण हा माल मऊ राहतो याचा अर्थ असाही होतो की दोन तासांपूर्वी रचलेली भिंत जाणत्या हाताने हलकेच ठोकली तर हलते.

बार्नीचा कोपरा ठीक होता. पलीकडचे दोन बरे होते. आणि मग टॅम्सिनचा कोपरा आला आणि गार्थ थांबला.

त्याला पाणसळ, बुडबुड्याची ती पट्टी, लावायची गरज नव्हती. तरी त्याने उभी धरली, बुडबुडा मधोमध आणला आणि वरच्या थरापाशी राहिलेली फट टेपने मोजली. अकरा मिलिमीटर. तिसऱ्या थरापर्यंत भिंत शहाण्यासारखी सरळ आली होती आणि तिथून पुढे झिंगली होती. शेजारी तिची कामाची वही पालथी पडली होती. ती उचलून बघावी असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. भिंत समोर असताना गवंडी वही कशाला बघेल?

त्याच्या डोळ्यांसमोर मात्र सगळं उभं राहिलं. एक वाजता ती पाणसळ लावणार. आठ जणांसमोर, त्या बाईंसमोर अकरा मिलिमीटर निघणार. ती हातमोजे काढणार, कोट घालणार आणि दारातून जाणार ती कायमची. हे एक कारण. दुसरं कारण त्याने स्वतःलाही नीट सांगितलं नाही, ते आपण सांगू : शेवटच्या पाहणीत विद्यार्थिनी वर्ग सोडून गेली तर बाई काय लिहितील हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दया आणि भीती एकाच वेळी पोटात शिरली की माणूस दयेचं नाव पुढे करतो.

त्याने दाराकडे बघितलं. कोणी नव्हतं. त्याने तिचीच थापी उचलली आणि दांड्याने चौथ्या थराला दोन टिचक्या मारल्या. मग पाचव्याला, सहाव्याला, सातव्याला. वरून हात फिरवला, विटांच्या फटींमधून बाहेर आलेला माल हलकेच खरवडला. पाणसळ लावली. बुडबुडा असा मधोमध बसला की त्याला सकाळपासून पहिल्यांदा मोकळा श्वास आला. उभं राहून त्याने अर्धी पेस्ट्री खाल्ली. चव आली होती.

एकला दोन मिनिटं कमी असताना लोमॅक्स बाई आल्या. साठीच्या आसपासच्या, अंगावर रेनकोट, हातात फळीला लावलेले कागद. त्यांनी भिंतीलगत खुर्ची ओढली, सगळ्यांना "मी इथे नाहीच असं समजा" म्हणून सांगितलं आणि सगळे त्या तिथेच आहेत असं समजून ताठ झाले.

"सरकारी पाहुणे आले वाटतं," बार्नी पुटपुटला. "गार्थ, टाय लावायला हवा होतात."

"तू तुझ्या कोपऱ्याकडे बघ, बार्नी."

"माझा कोपरा सरळ आहे. मीच वाकलोय."

हशा पिकला आणि गार्थला बरं वाटलं. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं. तास सुरू झाला. तो विचारत होता, सांगत नव्हता. कुठे चुकलंय असं वाटतं? कशावरून? मग आता काय करशील? एकाने माल फार जाड घातला होता, ते त्याचं त्यानेच ओळखलं. दुसऱ्याची पाणसळ उलटी होती, ते शेजारणीने दाखवलं. बाईंचं पेन चाललं होतं, पण मार्चमध्ये चाललं होतं तसं नव्हे. मार्चमध्ये त्या रेघा मारत होत्या, आज ओळी लिहीत होत्या. वीस मिनिटं झाली. गार्थच्या मनात आलं, जमतंय की.

टॅम्सिन तिच्या कोपऱ्यापाशी उभी होती. तिने पाणसळ लावली, काढली, पुसली, पुन्हा लावली. मग टेप काढला. मग वही उघडून बघितली आणि तिसऱ्यांदा पाणसळ लावली.

"काय म्हणते भिंत?" गार्थने विचारलं. आवाज नको तेवढा आनंदी निघाला.

"सरळ आहे," ती म्हणाली.

"मग झालं तर! छान. तीनच्या आत आहे ना? पास."

ती हसली नाही. तिने वही त्याच्यासमोर धरली. बाराच्या ठोक्याला, जेवायला जाण्याआधी, तिच्या मोठ्या गोल अक्षरात तिने लिहिलं होतं : वर अकरा मिलिमीटर बाहेर. तिसऱ्या थरापर्यंत ठीक. चौथ्यापासून पाणसळ लावली नाही, डोळ्याच्या भरवशावर गेले. जेवणानंतर वरचे चार थर उतरवून पुन्हा लावणार.

गार्थने ते शेवटपर्यंत वाचलं. टॅम्सिनचं बरोबर होतं. अक्षरन् अक्षर बरोबर. दोन वर्षं तो जे शिकवायला धडपडत होता ते या बाईने आज सकाळी एकटीने करून, लिहून ठेवलं होतं.

"तीनदा मोजलं होतं मी," टॅम्सिन म्हणाली. ती त्याच्याशी बोलत नव्हती, स्वतःशीच बोलत होती. "मला वाटलं, आज कळलं. आज स्वतःला कळलं कुठे गेलं ते. म्हणून मुद्दाम तसंच ठेवून गेले, सगळ्यांना दाखवायला. आणि ते चुकलेलंच नव्हतं. म्हणजे मला पाणसळसुद्धा वाचता येत नाही." तिने वही मिटली. "सात महिने झाले, गार्थ. सात महिन्यांत मला एक बुडबुडा वाचता येत नाही."

तिने उजव्या हाताचा मोजा काढला.

लोमॅक्स बाईंनी मान वर केली होती आणि पेन कागदावर टेकवून थांबवलं होतं. गार्थला समोर दोन रस्ते स्पष्ट दिसले. चूक होते, टेप घसरतो, होतं असं सगळ्यांचं, एवढं बोललं की झालं. ती सोमवारी येईल किंवा येणार नाही, पण बाईंच्या कागदावर सरळ भिंत राहील आणि शिक्षकाचे हात पाठीमागे. कोणालाही कधी कळणार नाही. त्याचं तोंड उघडलंही होतं. "होतं गं असं," तो म्हणाला, "सगळ्यांचंच…"

टॅम्सिनने मान हलवली. हो, आपलं असंच असायचं, अशी. पंधराव्या वर्षी शाळेत ती नक्की अशीच मान हलवून घरी गेली असणार. गार्थला स्वतःची इतकी किळस आली की त्याने वाक्य तिथेच तोडलं.

"नाही," तो म्हणाला. "थांब. मोजा घाल. तू बरोबर मोजलं होतंस."

"काय?"

"अकराच होते. मीही मोजले. जेवणाच्या सुट्टीत मी तुझी भिंत ठोकून सरळ केली." त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते मोठ्याने निघालं. "तुला विचारलं नाही. तुझी वही बघितली नाही. मला वाटलं, तुला जमणार नाही. तुला बरोबर वाचता आलं होतं, आणि मी ते तुझ्यासाठी खोटं करून ठेवलं."

यंत्राशेजारी कोणीतरी घसा साफ केला. बार्नीच्या तोंडून "अरे देवा" एवढंच निघालं. गार्थने लोमॅक्स बाईंकडे बघितलं नाही. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. जून डोळ्यांसमोर होता.

टॅम्सिनचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोणीच नाही."

"मी सांगितलं होतं?"

"नाही."

"मी घरी नवऱ्याला फोन केला होता, जेवताना!" आता ती ओरडत होती. "त्याला म्हटलं, माझं अकरा मिलिमीटर चुकलंय आणि मला माहितीय कुठे ते! तो म्हणाला, चुकलंय तर एवढी खूश का? त्याला नाही कळत. मला वाटलं, तुम्हाला तरी कळेल!"

"खरंय तुझं," गार्थ म्हणाला.

"'खरंय' काय! माझी चूक परत द्या मला!"

हे ऐकून कोणाला हसू यायला हवं होतं, पण कोणी हसलं नाही. गार्थ भिंतीपासून बाजूला सरकला. टॅम्सिनने मोजा हातात चढवला. सातवा थर उचलून खाली ठेवला. मग सहावा, पाचवा, चौथा. एकेक वीट थापीच्या कडेने खरवडून तिने ओळीत मांडली, इतकी जोरात की दोन विटांचे कोपरे उडाले. मग तिने माल घेतला आणि चौथा थर लावायला बसली.

पंचवीस मिनिटं लागली. एवढ्या वेळात गार्थ दुसऱ्यांकडे जाऊन आला, प्रश्न विचारून आला, पण कान तिच्याकडे होते. प्रत्येक विटेनंतर पाणसळ विटेवर टेकल्याचा आवाज येत होता. सहाव्या थराला एक वीट आत बसली. त्याला ती दहा फुटांवरून दिसली. तो जवळ गेला, उकिडवा बसला, गुडघ्यांनी शिव्या दिल्या, आणि त्याने विचारलं, "या थराला काय वाटतं?"

"ठीक आहे," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

तो उठला. ठीक नव्हतं. आणि तो गप्प राहिला. अठ्ठावीस वर्षांत एवढं जड काम त्याने केलं नव्हतं.

सातवा थर पुरा झाला. टॅम्सिनने पाणसळ उभी धरली, टेप लावला. बाकीचे आपापली कामं सोडून तिच्याभोवती आले होते. "चार," ती म्हणाली. तिने पुन्हा मोजलं. "चारच. एक जास्त आहे."

"कुठे गेलं?" हा प्रश्न बार्नीने विचारला.

"सहावा. मधली वीट. तुम्ही तिकडून बघत होतात तेव्हा," तिने गार्थकडे बोट केलं, "मला राग आला आणि मी घाई केली."

"पास की नापास?" गार्थने विचारलं.

"नापास," टॅम्सिन म्हणाली, आणि वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगणं कठीण आहे, पण रडू नव्हतं.

दोन वाजता सगळे चहाला गेले. अवजारांच्या खोलीत लोमॅक्स बाई खोक्यावर बसल्या, गार्थ उभा राहिला. बसलो तर उठता येणार नाही असं त्याला वाटत होतं.

"एक विचारते," बाई म्हणाल्या. "मी आज इथे नसते, तर तुम्ही तिला सांगितलं असतंत?"

'हो' हा शब्द गार्थच्या जिभेवर तयार होता आणि उपयोगाचाही होता. "माहीत नाही," तो म्हणाला. "तुम्ही नसता तर कदाचित मी भिंतीला हातच लावला नसता. आणि लावला असता, तर बहुतेक सांगितलं नसतं."

बाईंनी ते लिहिलं नाही. त्यांनी कागद उलटला. "जेवणाच्या सुट्टीत तुम्ही जे केलंत ते वाईट होतं. मार्चमधल्या चौदा थाप्यांपेक्षा वाईट. तेव्हा निदान समोर काढून घेत होतात." त्यांनी पेनचं टोपण काढलं. "पण मला एका तासाचं लिहायचं असतं. या तासात एका बाईने स्वतःचं काम मोजलं, स्वतः नापास ठरवलं आणि का ते सांगितलं. आणि शिक्षकाने त्याला न परवडणारी गोष्ट वर्गासमोर सांगितली. सहाव्या थराची ती वीट मलासुद्धा दिसली होती, गार्थ. तुम्ही ती गिळून गप्प राहिलात तेही दिसलं."

त्यांनी सही केली आणि कागद त्याच्याकडे दिला. पास.

"आनंद करा," बाई रेनकोटची बटणं लावत म्हणाल्या. "पण माझी सही म्हणजे तिची माफी नव्हे. ती तुमची तुम्हाला मिळवावी लागेल, आणि घाईने मिळणार नाही."

पावणेचारला वर्ग सुटला. भिंती उद्यापर्यंत राहणार होत्या. सगळे गेले, बार्नीने जाताना त्याच्या पाठीवर थाप मारली, टॅम्सिन एक शब्द न बोलता बस पकडायला गेली. गार्थने यंत्र धुतलं, दिवे मालवत मालवत तो शेवटच्या ओळीत आला आणि थांबला.

टॅम्सिनच्या कोपऱ्यावर, वरच्या थरावर, विटेच्या तुकड्याखाली दाबलेला एक पुठ्ठा होता. त्यावर मोठ्या गोल अक्षरात लिहिलं होतं : याला कोणीही हात लावू नये. खाली एक रेघ, आणि त्याखाली : गार्थ, तुम्ही तर नाहीच.

त्याने ते दोनदा वाचलं. त्याचे कान तापले, जसे शाळेत कोपऱ्यात उभं केल्यावर तापतात. तो तिथेच उभा होता तेव्हा खिशातला फोन वाजला.

"झालं का?" जनीनने विचारलं. "सांग पटकन. मी दुपारपासून उभीच आहे."

"पास झालो," तो पुठ्ठ्याकडे बघत, पडलेल्या आवाजात म्हणाला.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग जनीनने हळूच विचारलं, "खरं सांग, गार्थ. नापास झालास का?"